चोर सोडून संन्याशाला फाशी

या शनिवारी खरं तर डेटाबेस इंडेक्सिंगवरचा अर्धवट राहिलेला लेख पूर्ण करायचा होता. पण गेला महिनाभर डोक्यात एकच गोष्ट घोळतेय आणि ती बाहेर काढल्याशिवाय दुसरं काही सुचायचं नाही. लेख लांबलाय आणि जरा चिडून लिहिलाय. तेवढं सांभाळून घ्या मंडळी.

आमचे आण्णा, म्हणजे माझे थोरले काका, कराडला असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं मास्तरकी करून रिटायर झाले. हिशेबाला इतके पक्के की किराणावाला त्यांना बिल देण्याआधी स्वतःच दोनदा बेरीज करतो. एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांना फोन आला. "महावितरणमधून बोलतोय. तुमचं मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही. आज रात्री साडेनऊला लाईट कट होणार."

आण्णांनी बिल भरलेलं होतं. पावती फाईलला लावलेली होती. तसं त्यांनी सांगितलंसुद्धा. समोरचा म्हणाला, "हो साहेब, पण सिस्टीमला दिसत नाहीये. मी लिंक पाठवतो, त्यातून फक्त बारा रुपये भरा, म्हणजे रेकॉर्ड अपडेट होईल." काकूंना दम्याचा त्रास आहे, रात्री मशीन लावावं लागतं. लाईट जाऊन चालणार नव्हतं. आण्णांनी लिंक उघडली, ॲप घेतलं, बारा रुपये भरायला त्यात नेटबँकिंगचं लॉगिन टाकलं.

आता नीट बघा. ओटीपी त्यांनी कुणालाही सांगितला नाही. "ओटीपी सांगायचा नाही" हे त्यांना पाठ होतं. सांगायची गरजच पडली नाही, कारण ते ॲप फोनवर येणारा प्रत्येक मेसेज वाचून परस्पर पुढे पाठवत होतं. पुढच्या पन्नास मिनिटांत पाच लाखांची एफडी ऑनलाइन मोडली गेली, दोन नवीन बेनिफिशियरी जोडले गेले आणि चार ट्रान्सफरमध्ये ४ लाख ८७ हजार रुपये गेले. ज्या माणसानं आयुष्यात नेटबँकिंगवरून बॅलन्स बघण्यापलीकडे काही केलं नव्हतं, त्याच्या खात्यातून.

आणि मग आण्णा दोन दिवस गप्प बसले. काकूंनासुद्धा बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, बँक बंद. रविवारी रात्री ते जेवले नाहीत तेव्हा काकूंनी खोदून विचारलं आणि मला फोन आला. मी १९३० वर तक्रार केली, सोमवारी सकाळी कराड गाठलं. पैशांपैकी ३८ हजार एका खात्यात गोठवलेले सापडले. चोराच्या हातची लंगोटी. बाकीचे केव्हाच पुढे सरकलेले होते.

तीन आठवड्यांनी बँकेचं पत्र आलं. त्याचा सारांश असा, की व्यवहार वैध लॉगिन आणि वैध ओटीपीने झालेले आहेत, ग्राहकाने निष्काळजीपणा केलेला आहे, सबब बँक जबाबदार नाही. आण्णांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून फाईलला लावलं आणि म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं. चूक माझीच."

या वाक्याशी माझं भांडण आहे.

एक कबुली आधी देतो. फोन ठेवल्यावर माझ्याही मनात पहिला विचार हाच आला होता, "च्यायला, आण्णांनी असं कसं केलं?" आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही सवयच असते. काही बिघडलं की पहिला शेरा 'युजर एरर'. खुर्ची आणि कीबोर्ड यांच्या मध्ये प्रॉब्लेम आहे, हा आमच्याकडचा जुना विनोद. मी दोन वर्षं एका पेमेंट प्रॉडक्टच्या टीममध्ये होतो. लॉगमध्ये 'ओटीपी व्हेरिफाइड : ट्रू' अशी एक ओळ दिसली की आमच्या लेखी विषय संपलेला असायचा. ती ओळ लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे. म्हणून सांगतो, त्या ओळीतून एवढंच सिद्ध होतं की त्या सिमवर आलेले सहा आकडे कुणीतरी योग्य वेळेत टाईप केले. ते कुणी केले, कशासाठी केले, खातेदाराला काय चाललंय ते माहीत होतं का, यातलं काहीही सिद्ध होत नाही. पण बँकेच्या पत्रात तीच ओळ खातेदाराची सही होऊन बसते.

बरं, कायदा काय म्हणतो? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी याच विषयावर परिपत्रक काढलं. त्यात तीन गोष्टी आहेत. बँकेची चूक असेल तर ग्राहकावर शून्य भार. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसरीकडेच कुठेतरी भोक पडलं, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास शून्य भार, चार ते सात दिवसांत कळवल्यास मर्यादित भार. आणि ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. त्याच परिपत्रकात हेही लिहिलंय की जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर.

कागदावर छान आहे. पण फोनवरून होणारी जवळजवळ प्रत्येक फसवणूक तिसऱ्या खणात ढकलता येते, कारण फसवणूक म्हणजेच माणसाकडून काहीतरी करवून घेणं! भामटा कुलूप फोडत नाही, मालकालाच कडी काढायला लावतो. मग 'कडी तुम्हीच काढलीत' एवढं म्हटलं की बँकेचं काम झालं. सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे खरं, पण ते ओझं उचलायला लॉगमधली एक ओळ पुरते.

आता इंजिनिअरसारखा विचार करू. एखादी सिस्टीम कोसळली की आपण पोस्टमॉर्टेम करतो. कोणकोणत्या ठिकाणी ही गोष्ट थांबवता आली असती, त्याची यादी काढतो. आण्णांच्या केसची यादी अशी :

१. आण्णा. लिंक उघडायला नको होती. मान्य.

२. मोबाईल कंपनी. भामट्याचं सिम कुणाच्या तरी नावावर होतं आणि ते कुणीतरी विकलेलं होतं.

३. आण्णांची बँक. पासष्टी ओलांडलेला खातेदार, नवीन फोनवरून लॉगिन, मुदतीआधी मोडलेली एफडी, लगेच दोन नवे बेनिफिशियरी, लगेच चार ट्रान्सफर, खातं जवळजवळ रिकामं. हे ओळखायला आर्टिफिशियल इंटेलिजन्स लागत नाही हो, चार 'इफ' पुरतात. नवीन बेनिफिशियरीला पहिल्या दिवशी मोठी रक्कम जाऊ न देणं हा उपाय कित्येक बँका वापरतात. इथे तो नव्हता किंवा असून तोकडा पडला.

४. समोरची बँक. हिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. पैसे हवेत गेले नाहीत, कुठल्या तरी खात्यातच गेले. ती म्यूल अकाउंट्स, म्हणजे सरळ मराठीत भाड्याची खाती. थोड्याफार पैशासाठी कुणीतरी आपलं खातं, एटीएम कार्ड आणि सिम भामट्यांना वापरायला देतं. त्या खात्यात अचानक लाखो रुपये येतात आणि काही मिनिटांत बाहेर जातात. त्या बँकेकडे त्या माणसाचं आधार आहे, पॅन आहे, फोटो आहे. आमच्या आण्णांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत म्हणून सही करायला जावं लागतं. तेवढी काळजी त्या खात्याच्या बाबतीत घेतली असती तर?

पाच मिनिटांपूर्वी आण्णांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, हा प्रश्न मी विचारत नाही. मी विचारतो की या चौघांपैकी पुढच्या हजार केसेस कोण थांबवू शकतं? आण्णा फार तर स्वतःची पुढची केस थांबवतील. मोबाईल कंपनी आणि दोन बँका हजारो थांबवू शकतात. आणि नुकसान कुणाच्या माथी? क्रमांक एकच्या. शंभर टक्के. बाकी तिघे हात झटकून मोकळे.

हा केवळ दया-माया-न्यायाचा मुद्दा नाही, सिक्युरिटीचा आहे. केंब्रिजचे प्राध्यापक रॉस अँडरसन (२०२४ मध्ये गेले) यांनी २००१ साली एक पेपर लिहिला होता, माहिती सुरक्षा अवघड का आहे ते अर्थशास्त्राच्या अंगाने सांगणारा. त्यात एटीएमचं उदाहरण आहे. अमेरिकेत एखाद्या ग्राहकाने 'हे पैसे मी काढलेच नाहीत' असं म्हटलं, तर तो खोटं बोलतोय हे बँकेने सिद्ध करायचं. १९८० साली न्यूयॉर्कच्या एका बाईंच्या खटल्यात कोर्टाने मशीनच्या कागदापेक्षा त्या बाईंच्या साक्षीवर विश्वास ठेवला, आणि पुढे वारं त्या दिशेने वाहिलं. ब्रिटनमध्ये उलट. 'आमची सिस्टीम चुकूच शकत नाही, तुम्हीच पिन कुणाला तरी दिली असणार' असं म्हणून बँका मोकळ्या व्हायच्या. परिणाम? ब्रिटिश बँका आळसावल्या. अमेरिकी बँकांनी सुरक्षेवर खर्च कमी केला, पण नेमका केला, आणि त्यांच्याकडे फसवणूकही कमी झाली. ज्याच्या खिशाला चाट बसते तोच भोक बुजवतो. एवढं साधं आहे.

गंमत म्हणजे तेच ब्रिटन आज दुसऱ्या टोकाला गेलंय. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे नियम आहे, की भामट्याने फसवून ग्राहकाकडूनच पैसे पाठवून घेतले असतील तरीही बँकेने ते परत करायचे. कमाल ८५ हजार पाऊंड, साधारण पाच कामकाजाच्या दिवसांत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो खर्च पाठवणारी बँक आणि घेणारी बँक यांनी निम्मा निम्मा सोसायचा. अपवाद आहे, पण तो 'घोर' निष्काळजीपणाचा. त्यातही असहाय्य स्थितीतल्या ग्राहकाला तो अपवाद लावता येत नाही. भाड्याचं खातं उघडू देणं घेणाऱ्या बँकेला महाग पडायला लागलं, की ती खाती नीट तपासायला लागणारच.

सिंगापूरने १६ डिसेंबर २०२४ पासून वेगळी वाट धरली. तिथली योजना ठराविक प्रकारच्या फिशिंगपुरतीच आहे, पण त्यात बँकेची आणि मोबाईल कंपनीची कर्तव्यं लिहून दिली आहेत. नवीन फोनवर डिजिटल टोकन चालू झालं की बारा तास जोखमीचे व्यवहार बंद. चोवीस तास तक्रारीची सोय, आणि खातं ग्राहकाला स्वतः गोठवता येईल असं बटण. बँकेने कर्तव्य चुकवलं तर नुकसान बँकेचं, बँकेने पाळलं पण मोबाईल कंपनीने चुकवलं तर तिचं. दोघांनीही पाळलं असेल तरच ग्राहकाचं. म्हणजे ग्राहकाची पाळी शेवटी येते. आपल्याकडे पहिली येते.

आपल्याकडे काहीच होत नाही असं नाही. १९३० हेल्पलाईन आहे. भाड्याची खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' बनवलंय. बँकांनी सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करावेत असं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं गेलं. आणि ऐकून हसू नका, नेफ्टने पैसे पाठवताना समोरच्या खात्याचं नाव पडताळून दाखवण्याची सोय द्या, असं बँकांना सांगितलं गेलं ते डिसेंबर २०२४ मध्ये, आणि मुदत १ एप्रिल २०२५. २०१० च्या परिपत्रकाने बँकांना केवळ खाते नंबरावरून पैसे जमा करायची मुभा दिलेली होती. नाव आपण मुकाट्याने टाईप करायचो, ते जुळतंय का हे बघायचं बंधन कुणावर नव्हतं. फेब्रुवारी २०२६ मध्ये रिझर्व्ह बँकेने छोट्या रकमेच्या फसवणुकीत २५ हजारांपर्यंत भरपाई देण्याच्या चौकटीचा प्रस्ताव मांडला. चांगलंय. पण आण्णांचे ४ लाख ८७ हजार होते. आणि भरपाई कोण देणार यापेक्षा, ती देताना कुणाला टोचणार, हा माझा मुद्दा आहे. म्यूल खातं ठेवणाऱ्या बँकेला ती टोचली नाही तर काही उपयोग नाही.

आता आक्षेप. ऑफिसात जेवताना मी हे बोललो तेव्हा सगळे ऐकून झालेत.

"बँक पैसे देणार म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील." कोण होईल? भरपाई मिळेल म्हणून मुद्दाम स्वतःची एफडी भामट्याला देणारा माणूस मला दाखवा. ज्यांना भीती वाटते त्यांनी ब्रिटनसारखी थोडी रक्कम ग्राहकावर ठेवावी, तिथे शंभर पाऊंडांपर्यंत कापता येतात.

"खोटे दावे येतील." येतील की. विम्यातही येतात. ते पकडायला माणसं ठेवावी लागतात. खोटे दावे येतात म्हणून खरे नाकारायचे, हे चोर सोडून संन्याशाला फाशी.

"शेवटी खर्च सगळ्या ग्राहकांवरच पडणार." खरं आहे, हा आक्षेप मला सगळ्यात पटतो. पण आजही तो कुणावर तरी पडतोच आहे, आणि ज्याला सोसण्याची ताकद सगळ्यात कमी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. कोट्यवधी खातेदारांत वाटून प्रत्येकाला वर्षाला काही रुपये जास्त पडले तर मी आनंदाने भरीन.

"व्यवहार अडवले तर रात्री हॉस्पिटलमध्ये डिपॉझिट भरायचं कसं?" हाही खरा प्रश्न. अडवणूक होईल आणि कधीतरी चुकीच्या वेळी होईल. पण एफडी मोडून अनोळखी खात्यात पैसे पाठवणं हे आण्णांच्या वयात रोजचं काम नाही. ज्याला नको त्याने लेखी देऊन ही अडवणूक काढून टाकावी. किंवा घरातल्या एकाचा नंबर देऊन ठेवावा, मोठ्या व्यवहाराआधी त्यालाही फोन जावा. मला त्या शुक्रवारी एक मेसेज आला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

"जागरूकता वाढवायला हवी." हो, हवी. पण पुणे-कराड रस्त्यावर खंबाटकी घाटाजवळचं ते एस वळण आठवा. 'वाहने सावकाश चालवा' असे बोर्ड तिथे किती वर्षं होते! अपघात थांबले नाहीत. शेवटी ते वळण टाळणारा नवा रस्ता आणि बोगदे करायला घ्यावेच लागले. एकाच जागी पुन्हा पुन्हा माणसं मरत असतील तर दोष रस्त्यात शोधायचा असतो, प्रत्येक ड्रायव्हरची अक्कल काढत बसायची नसते. बँकांचे 'सावध रहा' मेसेज हे घाटातले बोर्ड आहेत. लावायला स्वस्त, आणि अपघात झाल्यावर दाखवायला सोयीचे : "आम्ही तर सांगितलं होतं."

आणि या बोर्डांचा एक दुष्परिणाम आहे, जो मला आण्णांमुळे कळला. रोज उठून 'हुशार ग्राहक फसत नाही' असं ऐकलेला माणूस फसला, की त्याचा अर्थ तो एवढाच लावतो की मी मूर्ख. आणि मूर्खपणा कोण सांगायला जाईल? तेहतीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला मास्तर तर नाहीच नाही. चोरीची तक्रार आपण अर्ध्या तासात करतो, फसवणुकीची दोन दिवसांनी. पहिल्या तासात कळवलं तर पैसे अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते आणि नेमका तोच तास लाजेत जातो. आण्णांचे अठ्ठेचाळीस तास तसेच गेले. म्हणजे 'चूक ग्राहकाची' हे वाक्य अन्यायकारक तर आहेच, पण ते थेट भामट्याच्या कामी येतं.

शिवाय वेळेचा हा हिशेब बघा. नेफ्ट डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू आहे. पैसा रविवारी पहाटे तीनलाही पळतो. पण शाखेत तुमची तक्रार ऐकणारा माणूस सोमवारी सकाळी दहाला येतो. पळवायची सोय चोवीस तास, शाखा मात्र बँकेच्या वेळेत! ही रचना आण्णांनी केली नव्हती.

थोडक्यात मागणं असं आहे. एक, नुकसानीत पाठवणारी आणि घेणारी, दोन्ही बँकांचा वाटा ठरवून द्या. दोन, निव्वळ ओटीपी टाकला गेला हा निष्काळजीपणाचा पुरावा मानू नका. तीन, मोडलेल्या एफडीचे पैसे नवीन बेनिफिशियरीला एक दिवस जाऊ देऊ नका. चार, खातं गोठवायचं बटण ॲपच्या पहिल्या पानावर द्या. आणि पाच, आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांसाठी : 'युजर एरर' हा शेरा मारायच्या आधी आपल्या आईच्या हातात तो फोन आहे असं समजून एकदा स्क्रीन बघा. मी माझ्यापुरतं सुरू केलंय.

मागच्या रविवारी पुन्हा कराडला गेलो होतो. आण्णांबरोबर बसून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाणारी तक्रार लिहिली. मी घाईघाईत मसुदा केला, त्यांनी चष्मा लावून शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या. मसुद्यात एका ठिकाणी त्यांनी स्वतः घातलं होतं, "माझ्या चुकीमुळे". मी म्हटलं, "आण्णा, हे दोन शब्द काढा."

बराच वेळ ते कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "काढत नाही. पण त्याच्या पुढे लिही, 'आणि आपल्याही'."

तसंच लिहून पाठवलंय. उत्तर आलं की सांगेन. तोवर १९३० हा नंबर घरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या फोनमध्ये आपल्या हाताने सेव्ह करून द्या, आणि देताना सांगा, "काही झालं तर आधी इथे फोन करा. आम्ही कुणी रागावणार नाही."